मिशेल मिरोवस्की

मिशेल मिरोवस्की (जन्म : वॉर्सा, पोलंड, १४ ऑक्टोबर १९२४, मृत्यू : बाल्टिमोर, अमेरिका, २६ मार्च १९९०) हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू हृदयरोगतज्ज्ञ व संशोधक होते. छातीत बसवलेल्या आणि हृदयाची घातक लय स्वतःच ओळखून विजेचा धक्का देणाऱ्या उपकरणाची, म्हणजे रोपणक्षम डिफिब्रिलेटरची कल्पना त्यांनी मांडली आणि सहकाऱ्यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. ४ फेब्रुवारी १९८० रोजी हे उपकरण प्रथमच मानवी शरीरात बसवण्यात आले. हृदयाला मंद विद्युत स्पंद देणारा पेसमेकर त्यापूर्वीच प्रचारात होता. ही दोन उपकरणे एकाच रुग्णाच्या शरीरात आल्यावर एकाचा उपचार दुसऱ्याला कसा बाधतो, हा प्रश्न मिरोवस्की यांच्या शोधानंतर लगेचच उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना हृदयातील विद्युत उपकरणांची रचनाच बदलून गेली.

प्रारंभिक जीवन

मिरोवस्की यांचे मूळ नाव मोर्देखाय फ्रीडमन असे होते. वॉर्सातील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. ज्यू ओळख लपावी म्हणून वडिलांनी मुलाचे नाव बदलून मिएचिस्वाव मिरोवस्की असे ठेवले. डिसेंबर १९३९ पासून ज्यूंना दंडावर ओळखपट्टी बांधण्याची सक्ती करण्यात आली. त्याच सुमारास अवघ्या १५ वर्षांच्या मिरोवस्की यांनी घर सोडले आणि ते पूर्वेकडे, सोविएत संघाच्या हद्दीत निघून गेले. युद्धाची वर्षे त्यांनी तेथे उपासमार आणि आजारपण सोसत काढली. पुढे पोलिश सैन्याच्या तुकडीतून ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या कुटुंबातील कोणीही हयात नव्हते.

शिक्षण

युद्धानंतर मिरोवस्की यांनी पोलंडमधील ग्दान्स्क येथे वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला. तथापि ज्या भूमीत आपले सारे आप्त नाहीसे झाले, तेथे राहणे त्यांना शक्य झाले नाही. ते पॅलेस्टाइनला गेले. तेथे वैद्यकीय शिक्षणाची सोय नसल्याने १९४७ मध्ये त्यांनी फ्रान्समधील ल्यों विद्यापीठात प्रवेश घेतला. त्या वेळी त्यांना फ्रेंच भाषा येत नव्हती. भाषा आणि वैद्यक असे दोन्ही अभ्यास त्यांनी एकाच वेळी केले. मिशेल हे नाव त्यांच्या फ्रान्समधील वास्तव्यातले आहे. तेथेच त्यांची भेट ॲना यांच्याशी झाली व १९५० मध्ये त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन कन्या झाल्या.

पदवी मिळवून मिरोवस्की इस्रायलला परतले आणि तेल हाशोमेर येथील रुग्णालयात प्राध्यापक हॅरी हेलर यांच्या हाताखाली काम करू लागले. हेलर हे त्यांचे वरिष्ठ होते आणि गुरुस्थानीही होते. हृदयरोगाच्या पुढील अभ्यासासाठी मिरोवस्की मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय हृदयरोग संस्थेत आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले. हॉपकिन्समध्ये त्यांना बालहृदयरोगाच्या अग्रणी हेलन टाउसिग यांच्याकडे शिकण्याची संधी मिळाली. १९६३ मध्ये ते इस्रायलला परत आले आणि तेल अवीवजवळील असाफ हारोफे रुग्णालयात रुजू झाले. तेथे ते एकमेव हृदयरोगतज्ज्ञ होते.

हेलर यांचा मृत्यू

१९६६ मध्ये हेलर यांना हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत उगम पावणाऱ्या अतिवेगवान ठोक्यांचा त्रास होऊ लागला. असा वेग पुढे निलयकंपनात बदलू शकतो, हे मिरोवस्की जाणून होते. निलयकंपनात हृदयाचे स्नायू एकत्र आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त पुढे ढकलले जात नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मृत्यू येतो. मिरोवस्की यांची भीती खरी ठरली. कुटुंबासमवेत भोजन करीत असताना हेलर कोसळले आणि मरण पावले.

निलयकंपनावर उपाय नव्हता असे नाही. अमेरिकी शल्यविशारद क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या हृदयाला विजेचा धक्का देऊन रुग्ण वाचवला होता. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून धक्का देण्यात यश मिळवले. १९६२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी एकदिश विद्युतप्रवाहाचा अधिक सुरक्षित डिफिब्रिलेटर प्रचारात आणला. परंतु ही यंत्रे रुग्णालयात होती आणि मृत्यू येत होता तो घरी, रस्त्यावर किंवा कामाच्या ठिकाणी. हेलर यांना वाचवायचे तर त्यांना कायम रुग्णालयातील हृदयकक्षात ठेवावे लागले असते. या पेचातून मिरोवस्की यांना कल्पना सुचली. रुग्ण सदैव यंत्राजवळ राहू शकत नसेल, तर यंत्रच सदैव रुग्णाजवळ असले पाहिजे.

ही कल्पना त्यांनी परिचित तज्ज्ञांपुढे मांडली, तेव्हा बहुतेकांनी ती अशक्य ठरवली. त्या काळचा डिफिब्रिलेटर सामानाच्या मोठ्या पेटीएवढा असे. तो शेकडो पटींनी लहान करायचा होता आणि निर्णय घेण्यास जवळ डॉक्टर नसताना त्याने स्वतःच निदान करून धक्का द्यायचा होता.

बाल्टिमोरमधील संशोधन

इस्रायलमध्ये या कामास लागणारी साधने नव्हती. १९६८ मध्ये मिरोवस्की सहकुटुंब अमेरिकेस गेले व बाल्टिमोरच्या सिनाई रुग्णालयात हृदयरोग अतिदक्षता विभागाचे प्रमुख झाले. निम्मा वेळ संशोधनासाठी मिळावा, या अटीवर त्यांनी हे पद स्वीकारले होते. हृद्रोगचिकित्सेतील हा मोठ्या घडामोडींचा काळ होता. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्रिस्टियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिला तसा प्रयत्न केला होता.

१९६९ मध्ये मिरोवस्की यांना सिनाईतच मॉर्टन मोवर हे तरुण हृदयरोगतज्ज्ञ सहकारी म्हणून लाभले. दोघांनी रुग्णालयाच्या तळघरातील प्रयोगशाळेत काम सुरू केले. हृदयातच इलेक्ट्रोड ठेवला, तर बाहेरून द्याव्या लागणाऱ्या धक्क्याच्या लहानशा अंशाने काम भागते, हे त्यांनी त्याच वर्षी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून दिले. हा निष्कर्ष निर्णायक होता. लागणारी ऊर्जा कमी झाली की विद्युत घट आणि धारित्र लहान करता येतात आणि उपकरण शरीरात मावू शकते. १९७० मध्ये त्यांनी आपल्या प्रारूपाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

मेडट्रॉनिक या पेसमेकर बनवणाऱ्या कंपनीने काही काळ या कामात सहकार्य केले, परंतु अशा उपकरणाला पुरेशी बाजारपेठ नाही असे मानून तिने माघार घेतली. त्यानंतर १९७२ मध्ये मिरोवस्की यांची गाठ पिट्सबर्गजवळील मेड्रॅड या लहान कंपनीचे संस्थापक स्टीफन हाइलमन यांच्याशी पडली. हाइलमन यांनी या प्रकल्पासाठी अभियंते दिले. त्यांत ॲलॉइस लँगर हे प्रमुख होते. १९७५ पर्यंत संपूर्ण उपकरण कुत्र्याच्या शरीरात बसवण्याइतके लहान झाले. या प्रयोगाचे एक चलच्चित्र मिरोवस्की सभांमध्ये दाखवीत. त्यात कृत्रिम रीतीने निलयकंपन घडवलेला कुत्रा कोसळतो, उपकरण धक्का देते आणि कुत्रा उठून शेपटी हलवू लागतो. कुत्र्याला पडण्याचे शिक्षण दिले असावे अशी शंका काहींनी घेतली, तेव्हा चित्रफितीत हृदयाचा विद्युतालेखही जोडण्यात आला.

विरोध आणि टीका

या संशोधनाचे सर्वांत प्रभावी टीकाकार स्वतः बर्नार्ड लाउन हेच होते. १९७२ मध्ये त्यांनी पॉल ॲक्सेलरॉड यांच्यासह एका प्रतिष्ठित हृदयरोग नियतकालिकात संपादकीय लिहिले व रोपणक्षम डिफिब्रिलेटरच्या उपयुक्ततेविषयी तीव्र शंका घेतली. ज्यांना याची गरज पडेल असे रुग्ण आधी ओळखणार कसे, उपकरणाने चुकून धक्का दिला तर काय, आणि औषधे किंवा शस्त्रक्रिया असताना हा अपुरा उपाय कशासाठी, असा त्यांच्या आक्षेपांचा रोख होता. लाउन हे हृदयाच्या विद्युतचिकित्सेतील मान्यवर असल्याने या टीकेचा परिणाम मोठा झाला. संशोधनास निधी मिळणे कठीण होऊन बसले.

लाउन यांचे आक्षेप निराधार नव्हते. शुद्धीवर असलेल्या माणसाला विनाकारण बसलेला धक्का अत्यंत वेदनादायक असतो आणि क्वचित तो चांगली लय बिघडवूही शकतो. मिरोवस्की यांनी या टीकेचा उपयोग करून घेतला. चुकीच्या निदानाचे प्रमाण कमी करण्यासाठी त्यांच्या चमूने उपकरणाच्या ओळखण्याच्या पद्धतीवर अनेक वर्षे खर्च केली.

पहिले मानवी रोपण

अमेरिकी शासनाच्या परवानगीनंतर ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिले मानवी रोपण झाले. शस्त्रक्रिया लीव्हाय वॉटकिन्स यांनी केली. रुग्ण कॅलिफोर्नियातील ५७ वर्षांची स्त्री होती. हृदय थांबण्याच्या घटनांतून ती पूर्वी एकाहून अधिक वेळा बचावली होती आणि औषधांनी तिला गुण येत नव्हता. ऑगस्ट १९८० मध्ये पहिल्या तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यानंतर वैद्यकीय जगताचे लक्ष या उपकरणाकडे वेधले गेले.

ते पहिले उपकरण सुमारे पाव किलो वजनाचे होते व ते पोटाच्या त्वचेखाली बसवावे लागे. एक इलेक्ट्रोड हृदयाजवळच्या महाशिरेत आणि दुसरा थेट हृदयाच्या टोकावर असे. त्यासाठी छाती उघडावी लागे. धक्क्याची ऊर्जा २५ ज्यूलच्या आसपास होती. १९८२ पासून कंपनाखेरीज निलयांची अतिवेगवान लय ओळखण्याची सोयही त्यात करण्यात आली. ऑक्टोबर १९८५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणास सर्वसाधारण वापराची मान्यता दिली. लाउन ज्या संघटनेचे सहसंस्थापक होते, त्या अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांच्या संघटनेस त्याच वर्षी नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

उपकरणाचे कार्य

निरोगी हृदयाच्या विद्युतालेखात दोन ठोक्यांमध्ये एक शांत, सपाट रेषा दिसते. निलयकंपनात ही सपाट रेषा नाहीशी होते आणि आलेख सतत वरखाली होत राहतो. हृदयाचा विद्युत संकेत सपाट पातळीजवळ किती वेळ राहतो, हे मिरोवस्की यांचे पहिले उपकरण मोजत असे. हा वेळ अत्यल्प झाला की उपकरण कंपन झाल्याचा निष्कर्ष काढी, धारित्र भारित करी आणि धक्का देई. पहिल्या धक्क्याने लय सुधारली नाही, तर ते पुन्हा धक्के देऊ शके. पुढील उपकरणांत ठोक्यांची गती मोजण्यावर अधिक भर आला.

पेसमेकरचे काम याच्या उलट असते. हृदयाचे ठोके फार मंद झाले किंवा मध्येच थांबले, तर तो अतिशय सूक्ष्म विद्युत स्पंद देऊन ठोका घडवून आणतो. पहिला रोपित पेसमेकर १९५८ मध्ये स्टॉकहोम येथे ओके सेनिंग आणि रुने एल्मक्विस्ट यांनी बसवला होता. पेसमेकरचा एक स्पंद काही मायक्रोज्यूलचा असतो. डिफिब्रिलेटरचा धक्का त्याच्या लाखो पट मोठा आणि सुमारे ७०० व्होल्ट दाबाचा असतो. दोन्ही उपकरणे हृदयाचे संकेत ऐकतात आणि विजेनेच उत्तर देतात. एकाच छातीत एकत्र आल्यावर मात्र प्रत्येक उपकरणाला हृदयाबरोबर दुसऱ्या उपकरणाची वीजही ऐकू येते.

दोन उपकरणांचा परस्परपरिणाम

मिरोवस्की यांच्या पहिल्या उपकरणांत मंद ठोक्यांवर उपचार करण्याची सोय नव्हती. ज्यांचे हृदय कधी अतिवेगाने, तर कधी अतिमंद चाले, त्यांना डिफिब्रिलेटर आणि पेसमेकर अशी दोन स्वतंत्र उपकरणे बसवावी लागत. धक्क्यानंतर काही क्षण ठोके मंद पडत असल्यानेही पेसमेकरची गरज भासे. १९८० च्या दशकात अशा रुग्णांमध्ये पुढील तीन प्रकारचे धोके लक्षात आले.

पहिला धोका अनावश्यक धक्क्याचा. पेसमेकरचा स्पंद आणि त्यातून निर्माण झालेला हृदयाचा ठोका हे दोन वेगळे ठोके आहेत, असे डिफिब्रिलेटर समजू शके. मिनिटाला ८० ठोके असताना त्याच्या मोजणीत १६० येत आणि निरोगी लयीवर धक्का दिला जाई.

दुसरा धोका याहून गंभीर होता, कारण त्यात आवश्यक धक्का दिलाच जात नसे. निलयकंपनात हृदयाचे संकेत फार क्षीण होतात. पेसमेकरला ते ऐकू आले नाहीत, तर हृदय थांबले आहे असे समजून तो नियमित स्पंद देत राहतो. या स्पंदांचा थरथरणाऱ्या हृदयावर काही परिणाम होत नाही, परंतु डिफिब्रिलेटरला मात्र ते मोठे व स्पष्ट दिसतात. संकेत क्षीण असतील तर आपली ग्रहणशक्ती वाढवायची आणि मोठे असतील तर कमी करायची, अशी डिफिब्रिलेटरची रचना असते. ढोलाच्या गजरात शेजारची कुजबुज ऐकू येऊ नये, तसे पेसमेकरच्या स्पंदांमुळे कंपनाचे क्षीण संकेत डिफिब्रिलेटरला ऐकू येईनासे होतात. त्याला समोर फक्त नियमित ठोके दिसतात आणि तो स्वस्थ राहतो. दोन्ही उपकरणे आपापल्या नियमांनुसार बिनचूक चालत असतानाही रुग्णाचा मृत्यू ओढवू शकतो.

तिसरा धोका धक्क्याचा पेसमेकरवर होणाऱ्या परिणामाचा. मोठ्या दाबाच्या विजेपासून आतील मंडल वाचवण्यासाठी पेसमेकरमध्ये संरक्षक घटक असतो. तो जादा प्रवाह बाजूला वळवतो. हा प्रवाह तारेतून हृदयाच्या आतील आवरणाकडे जातो आणि तारेच्या टोकाशी असलेल्या ऊतींना इजा करू शकतो. मग काही काळ पेसमेकरचा नेहमीचा स्पंद ठोका घडवण्यास अपुरा पडतो किंवा त्याला हृदयाचे संकेत नीट ऐकू येत नाहीत. कधीकधी धक्क्यामुळे पेसमेकरची मांडणी पुसली जाऊन तो मूळच्या राखीव पद्धतीने चालू लागतो. अनेक जुन्या पेसमेकरांमध्ये ही राखीव पद्धत एकध्रुवी होती. एकध्रुवी पद्धतीत स्पंदाचा प्रवाह तारेचे टोक आणि पेसमेकरची धातूची डबी यांच्यामधून, म्हणजे छातीच्या मोठ्या भागातून जातो. त्यामुळे डिफिब्रिलेटरला तो फार मोठा दिसतो. अशा रीतीने एका यशस्वी धक्क्यामुळेच पुढचे निलयकंपन न ओळखले जाण्याची परिस्थिती निर्माण होऊ शके.

या धोक्यांवर डॉक्टरांनी व अभियंत्यांनी उपाय शोधले. दोन्ही ध्रुव तारेच्या टोकाजवळच असलेले द्विध्रुवी पेसमेकर वापरण्याचा आणि धक्क्यानंतरही द्विध्रुवीच राहणारी उपकरणे निवडण्याचा नियम रूढ झाला. दोन्ही उपकरणांच्या तारा एकमेकींपासून शक्य तितक्या दूर ठेवण्यात येऊ लागल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी मुद्दाम सर्वांत प्रतिकूल स्थिती निर्माण करून परीक्षा घेतली जाई. पेसमेकरला अखंड व सर्वाधिक तीव्रतेचे स्पंद देण्यास लावून निलयकंपन घडवायचे आणि तरीही डिफिब्रिलेटर ते ओळखतो का, हे पाहायचे. त्यानंतर धक्का बसल्यावर पेसमेकरची मांडणी तपासली जाई.

एकत्रित उपकरण

या प्रश्नाचे मूलगामी उत्तर म्हणजे दोन्ही कामे एकाच उपकरणाकडे सोपवणे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशा उपकरणांच्या चाचण्या होऊ लागल्या आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती प्रचारात आली. स्पंद आणि धक्का देणारा मेंदू एकच असल्याने आपला स्पंद कधी गेला हे उपकरणास ठाऊक असते. त्या क्षणापुरते ते ऐकणे थांबवते आणि स्वतःच्या विजेला हृदयाचा ठोका समजण्याची चूक टाळते. काही वेगवान लयी धक्क्याविना, जलद स्पंदांची छोटी मालिका देऊन थांबवण्याची सोयही याच उपकरणांत झाली. तारा शिरेतून हृदयापर्यंत नेता येऊ लागल्याने छाती उघडण्याची गरज उरली नाही. उपकरण लहान होऊन पोटाऐवजी गळपट्टीच्या हाडाखाली बसू लागले.

मृत्यू आणि त्यानंतरची मान्यता

मिरोवस्की यांना बहुविध मज्जार्बुद हा रक्ताशी संबंधित कर्करोग झाला. २६ मार्च १९९० रोजी बाल्टिमोर येथे वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या उपकरणामुळे खरोखर आयुष्य वाढते का, या लाउन यांच्या मूळ प्रश्नाचे निर्णायक उत्तर मिरोवस्की यांना पाहता आले नाही. १९८९ मध्ये एका मोठ्या चाचणीत, हृदयविकाराच्या झटक्यानंतर लय सुधारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी मृत्यू कमी होण्याऐवजी वाढतात असे आढळले होते. १९९६ मध्ये आर्थर मॉस यांच्या नेतृत्वाखालील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निवडक जोखमीच्या रुग्णांमध्ये रोपित डिफिब्रिलेटरमुळे मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यात दिसले. १९९७ मध्ये १,०१६ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीनेही औषधांपेक्षा हे उपकरण सरस ठरवले. २००२ मध्ये मिरोवस्की, मोवर, लँगर आणि हाइलमन यांचा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात समावेश करण्यात आला.

प्रश्नाचे पुनरागमन

एकत्रित उपकरणामुळे मिटलेला परस्परपरिणामाचा प्रश्न एकविसाव्या शतकात पुन्हा पुढे आला. शिरेतील तार काही वर्षांनी तुटते किंवा तिला जंतुसंसर्ग होतो. म्हणून तारेविना किंवा हृदयाबाहेर राहणारी उपकरणे तयार झाली. संपूर्णपणे त्वचेखाली बसणाऱ्या डिफिब्रिलेटरला अमेरिकेत २०१२ मध्ये, तर हृदयाच्या आतच बसणाऱ्या बिनतारी पेसमेकरला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्वचेखालील डिफिब्रिलेटर दीर्घकाळ स्पंद देऊ शकत नाही आणि बिनतारी पेसमेकर धक्का देऊ शकत नाही. त्यामुळे काही रुग्णांना पुन्हा दोन स्वतंत्र उपकरणे बसवावी लागतात. मिरोवस्कींच्या काळातील तपासण्या अशा रुग्णांनाही लागू पडतात. आता मात्र दोन उपकरणांना परस्परांशी बोलते करण्याचे प्रयत्न होत आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्वचेखालील डिफिब्रिलेटरने पाठवलेल्या बिनतारी आज्ञेवरून हृदयातील पेसमेकरने जलद स्पंद देऊन घातक लय थांबवल्याचे दिसून आले.

चंद्रपूर-गडचिरोली परिसराच्या संदर्भात

गडचिरोली येथील डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकामुळे हृदयविकाराचा झटका हा विषय मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. झटका म्हणजे रक्तवाहिनी बंद पडून हृदयाच्या स्नायूस होणारी इजा. मिरोवस्की यांचे कार्य त्याहून वेगळ्या, परंतु संबंधित आजाराविषयी आहे. हृदयाची विद्युत लय अचानक बिघडून रक्ताभिसरण थांबणे हा तो आजार होय. झटक्यामुळे इजा झालेल्या स्नायूत असा बिघाड होण्याची शक्यता वाढते. निलयकंपन सुरू झाल्यावर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. भामरागड हे तालुक्याचे गाव गडचिरोली शहरापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरामुळे त्याचा संपर्क तुटतो. अशा प्रदेशात बाहेरून मदत पोहोचण्यास मिनिटे नव्हे, तास लागतात. यंत्र रुग्णाबरोबरच असावे, हा मिरोवस्की यांचा आग्रह अशा ठिकाणी विशेष अर्थपूर्ण ठरतो. मात्र उपकरण बसवून काम संपत नाही. त्याची नियमित तपासणी करावी लागते आणि त्यासाठी या भागातील रुग्णांना नागपूरसारख्या मोठ्या केंद्राशी संबंध ठेवावा लागतो.

या उपकरणांना एकमेकांप्रमाणेच बाहेरच्या विजेचाही उपद्रव होऊ शकतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि परिसरातील खाणी यांमुळे या भागात जनित्रे, मोठ्या मोटारी व वेल्डिंग यांच्या सान्निध्यात काम करणारे अनेक जण आहेत. तीव्र विद्युतचुंबकीय क्षेत्रात पेसमेकर आवश्यक स्पंद रोखून धरू शकतो, तर डिफिब्रिलेटर बाहेरच्या गोंगाटाला कंपन समजून धक्का देऊ शकतो. म्हणून अशा कामावर परतण्यापूर्वी रुग्णाने तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. भ्रमणध्वनी उपकरणापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. लोहचुंबकाचा परिणामही दोन्ही उपकरणांवर भिन्न होतो. चुंबक जवळ आणल्यास पेसमेकर सहसा ठरावीक गतीने अखंड स्पंद देऊ लागतो, तर डिफिब्रिलेटर सहसा धक्का देणे तात्पुरते थांबवतो. त्यामुळे आपल्या शरीरात कोणते उपकरण आहे हे सांगणारे ओळखपत्र रुग्णाने सदैव जवळ बाळगणे आवश्यक असते.

दहनविधीपूर्वी ही उपकरणे शरीरातून काढून घ्यावी लागतात, कारण त्यांतील बंदिस्त विद्युत घट उष्णतेने फुटतात. डिफिब्रिलेटर काढण्यापूर्वी तो बंद करणेही आवश्यक असते. चालू उपकरण हाताळणाऱ्यास धक्का बसू शकतो.

मूल्यमापन

मिरोवस्की हे अभियंता नव्हते, तसेच हृदयाच्या विद्युतशास्त्रातील मान्यवर म्हणूनही ते ओळखले जात नव्हते. एका परिचित माणसाचा टाळता येण्याजोगा मृत्यू त्यांनी अपरिहार्य मानला नाही. १९६६ मधील त्या घटनेपासून पहिल्या रोपणापर्यंत १४ वर्षे लागली. त्यांच्या उपकरणाने निर्णयाचा अधिकार डॉक्टरकडून यंत्राकडे नेला. हृदयाबरोबर यंत्रांनी परस्परांनाही अचूक ओळखले पाहिजे, ही जबाबदारीही त्यातूनच आली. पेसमेकर व डिफिब्रिलेटर यांच्या परस्परपरिणामाचा अभ्यास, त्यातून जन्मलेले एकत्रित उपकरण आणि परस्परांशी संवाद साधणारी आजची स्वतंत्र उपकरणे ही त्याच जबाबदारीच्या पूर्ततेची पावले आहेत.